छोटं रॉकेट हवंच कशाला? एसएसएलव्ही, इलेक्ट्रॉन आणि हलके उपग्रह

धूमकेतू_पुणे

इस्रोच्या एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटचं तंत्रज्ञान हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) या सार्वजनिक कंपनीकडे सोपवायचा करार सप्टेंबर २०२५ मध्ये झाला. तेव्हापासून मित्रमंडळींत एकच प्रश्न सारखा कानावर येतोय: इस्रोचंच मोठं रॉकेट पीएसएलव्ही हाताशी असताना हे छोटं रॉकेट हवंच कशाला?

प्रश्न रास्त आहे. १५ फेब्रुवारी २०१७ ला पीएसएलव्ही-सी३७ ने एकाच उड्डाणात १०४ उपग्रह सोडले होते. मुख्य उपग्रह कार्टोसॅट-२ मालिकेतला, ७१४ किलोचा. बाकीचे १०३ मिळूनही त्याच्यापेक्षा हलके, आणि त्यातले ८८ तर एकट्या प्लॅनेट कंपनीचे, प्रत्येकी पाच किलोच्या आतले. म्हणजे हलक्या उपग्रहांची सोय केव्हाच झाली आहे, असं कुणालाही वाटेल.

मला मात्र वाटतं की छोट्या रॉकेटचा हिशोब 'किलोमागे किती पैसे' असा मांडला की ते दरवेळी हरणारच. ते बांधतात ते आपल्या उपग्रहाला हवी ती कक्षा हव्या त्या वेळी मिळावी म्हणून. मोठ्या रॉकेटवरून सोबत जाणारा छोटा उपग्रह म्हणजे वऱ्हाडी. मुहूर्त नवरदेवाचा, रस्ता नवरदेवाचा, आणि गाडी थांबेल तिथे आपण उतरायचं. मुख्य उपग्रहाचं काम लांबलं की सगळ्यांचं लांबलं.

नासाच्या ट्रॉपिक्स मोहिमेचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. चक्रीवादळांच्या आतलं तापमान आणि आर्द्रता वरचेवर मोजायची, यासाठी जेमतेम ३० सेंटिमीटर लांबीचे, पाचेक किलोचे उपग्रह बनवले होते. वादळं होतात उष्ण कटिबंधात. दोन्ही ध्रुवांवरून फिरणाऱ्या नेहमीच्या कक्षेतून तिथे वारंवार नजर टाकता येत नाही. म्हणून विषुववृत्ताशी साधारण ३० अंशांचा कोन करणारी कक्षा हवी होती, आणि त्यातही उपग्रहांच्या जोड्या वेगवेगळ्या प्रतलांत हव्या होत्या. पहिली जोडी जून २०२२ मध्ये अ‍ॅस्ट्रा कंपनीच्या रॉकेटवरून निघाली. दुसऱ्या टप्प्याचं इंजिन वेळेआधीच बंद पडलं आणि दोन्ही उपग्रह गेले. उरलेले चार मे २०२३ मध्ये रॉकेट लॅब कंपनीच्या इलेक्ट्रॉन या छोट्या रॉकेटने न्यूझीलंडमधून दोन उड्डाणांत वर नेले. दोन्ही उड्डाणं एकाच महिन्यात झाली, तीही अटलांटिकमधला वादळांचा मोसम सुरू व्हायच्या आत. त्या तारखा आणि ती कक्षा, दोन्ही गोष्टी दुसऱ्याच्या रॉकेटवर जागा घेऊन मिळाल्या नसत्या.

आता आपलं एसएसएलव्ही. उंची ३४ मीटर, व्यास २ मीटर, उड्डाणावेळचं वजन १२० टन. पीएसएलव्हीची एक्सएल आवृत्ती ३२० टनांची आहे, त्यावरून अंदाज यावा. ५०० किलोचा भार ५०० किलोमीटर उंचीवर न्यायची क्षमता. तीन विकास-उड्डाणं धरून सरकारने मंजूर केलेला खर्च १६९ कोटी रुपये. खालचे तीन टप्पे घन इंधनाचे, आणि सगळ्यात वर द्रव इंधनाचा एक चिमुकला टप्पा. हा वरचा टप्पा का लागतो, ते सांगायला हवं. घन इंधन एकदा पेटलं की मध्येच बंद करता येत नाही. जळायचं तेवढं जळतं, आणि शेवटी वेग नेमका किती भरेल यात थोडा फरक राहतोच. तो फरक भरून काढणं हे त्या द्रव टप्प्याचं काम.

पहिलं उड्डाण ७ ऑगस्ट २०२२ ला झालं आणि तिथेच फसलं. तिन्ही घन टप्पे व्यवस्थित जळले होते. पण दुसरा टप्पा सुटताना यानाला क्षणभर जोरदार कंप बसला. वेगातला बदल मोजणाऱ्या संवेदकांची आकडेवारी त्यांच्या मर्यादेबाहेर गेली. संगणकाने संवेदक बिघडल्याचा निष्कर्ष काढला आणि यान आणीबाणीच्या पद्धतीवर गेलं. संवेदक धडधाकट होते, पण त्यांना सावरायला जेवढा अवधी द्यायला हवा होता तेवढा संगणकाच्या तर्कात ठेवलेला नव्हता. ३५६ किलोमीटरची गोल कक्षा हवी होती, मिळाली एका बाजूला ३६० आणि दुसऱ्या बाजूला ७६ किलोमीटरची. ७६ किलोमीटरवर हवा चांगलीच लागते, त्यामुळे उपग्रह टिकणं शक्यच नव्हतं. कागदावर गणित केलं तर वेगातली तूट जेमतेम एक टक्क्याच्या आसपास येते. त्या उड्डाणात ७५ सरकारी शाळांमधल्या ७५० मुलींनी मिळून केलेला आझादीसॅटही होता. तो गेला याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे टप्पा सोडवण्याची यंत्रणा कमी धक्का देणारी बसवली, संवेदकाला नादुरुस्त ठरवण्याआधी थांबायचा अवधी बदलला, आणि १० फेब्रुवारी २०२३ चं दुसरं उड्डाण यशस्वी झालं. त्यात आझादीसॅट-२ होता! तिसरं उड्डाण १६ ऑगस्ट २०२४ चं, १७५ किलोच्या ईओएस-०८ साठी, तेही यशस्वी.

जाणकारांनी भर घालावी. ज्यांना हा सगळा खर्च अनाठायी वाटतो त्यांनीही जरूर लिहावं.

शाळामास्तर_सातारा

सुंदर धागा. आझादीसॅटबद्दल वर्गात सांगणार आहे.

आठवीच्या मुलांनी मला विचारलेला प्रश्न इथे मांडतो. हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचं विक्रम-एस नोव्हेंबर २०२२ मध्ये जवळपास ९० किलोमीटरपर्यंत गेलं. मुलं म्हणतात, एवढं वर गेलंच होतं तर थोडं आणखी इंधन भरून तिथेच एखादा उपग्रह का नाही सोडला? मी 'वेग कमी पडतो' एवढंच सांगितलं, पण किती कमी, ते आकड्यांत सांगता आलं तर मुलांना पटेल.

त्रिज्या

मास्तर, आकड्यांत सांगते. फळ्यावर मांडता येईल इतकं सोपं आहे.

एक किलो वस्तू ९० किलोमीटर वर उचलायला साधारण ०.९ मेगाज्यूल ऊर्जा लागते. तीच वस्तू ५०० किलोमीटरवर उचलायला साधारण साडेचार. इथवर ठीक. पण ५०० किलोमीटरवर पृथ्वीभोवती फिरत राहायचं तर आडवा वेग सेकंदाला ७.६ किलोमीटर हवा, आणि त्या वेगाची ऊर्जा किलोमागे २९ मेगाज्यूल भरते. एकूण साडेतेहेतीस. म्हणजे ९० किलोमीटर उंच उडवण्याच्या ३८ पट! वर जाण्याचा खर्च किरकोळ, खरा खर्च आडवं धावण्याचा. विक्रम-एस ६ मीटरचं, ५४५ किलोचं, एकाच टप्प्याचं रॉकेट होतं. आपल्या यंत्रणा हवेत चालतात का हे तपासायला ते सोडलं होतं, आणि ते काम त्याने चोख केलं.

आता याला जोडून छोट्या रॉकेटचं दुखणं. रॉकेट लहान केलं म्हणून सगळंच त्या प्रमाणात लहान होत नाही. दिशा ठरवणारा संगणक, रेडिओ, टप्पे सोडवणारी यंत्रणा, धोका झाल्यास रॉकेट नष्ट करायची सोय, यांचं वजन फारसं घटत नाही. हवेचा अडथळा रॉकेटच्या तोंडाच्या क्षेत्रफळावर ठरतो आणि इंधन घनफळावर, त्यामुळे लहान रॉकेटला हवा जास्त जाचते. जपानने ३ फेब्रुवारी २०१८ ला एसएस-५२० या साडेनऊ मीटरच्या रॉकेटने तीन किलोचा उपग्रह कक्षेत सोडला. उपग्रह कक्षेत नेणारं ते सगळ्यात लहान रॉकेट. वजन २.६ टन, भार ३ किलो, म्हणजे ०.१२ टक्के. एसएसएलव्हीचं हेच प्रमाण ०.४ टक्के, इलेक्ट्रॉनचं २.३ आणि स्पेसएक्स कंपनीच्या मोठ्या फाल्कन ९ चं (पहिला टप्पा परत आणायचा नसेल तेव्हा) ४ च्या आसपास. एसएसएलव्ही आणि इलेक्ट्रॉनमधल्या फरकाला घन इंधन बरंचसं जबाबदार आहे. द्रव इंधनाची चांगली इंजिनं तेवढ्याच वजनाच्या इंधनातून जास्त वेग मिळवून देतात. पण घन इंधनाचं रॉकेट भरून तयार ठेवता येतं, आयत्या वेळी टाक्या भरत बसावं लागत नाही. इस्रोने जाणूनबुजून ती बाजू निवडली असं मला वाटतं.

हिशेबी_माणूस

धूमकेतू, लेख आवडला, पण मला निष्कर्ष पटत नाही. मी खर्चाच्या बाजूने लिहितो.

२४ जानेवारी २०२१ ला स्पेसएक्सच्या ट्रान्सपोर्टर-१ ने १४३ उपग्रह नेले. तेव्हापासून ही सामायिक उड्डाणं ठरल्या वेळी होत आहेत. पहिल्या काही वर्षांत भाव किलोमागे पाच-सहा हजार डॉलरच्या घरात होता. इलेक्ट्रॉनचं आख्खं उड्डाण तेव्हा सत्तर-ऐंशी लाख डॉलरला पडायचं, त्याला ३०० किलोने भागलं तरी पंचवीस हजारांच्या आसपास. एवढा फरक असताना गिऱ्हाईक कुठे जाईल हे उघड आहे.

इतिहासही हेच सांगतो. स्पेसएक्सचं पहिलं छोटं रॉकेट फाल्कन १ तीनदा पडलं, २८ सप्टेंबर २००८ ला चौथ्यांदा यशस्वी झालं, जुलै २००९ मध्ये एकदा गिऱ्हाइकाचा उपग्रह घेऊन गेलं आणि मग कंपनीने ते कायमचं गुंडाळलं. व्हर्जिन ऑर्बिट विमानाच्या पंखाखालून रॉकेट सोडायची. जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून त्यांचं उड्डाण फसलं आणि एप्रिलमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. तुम्ही ज्या अ‍ॅस्ट्राचं नाव घेतलंत तिनेही ते रॉकेट पुढे चालवलं नाही. आणि या धंद्यात यशस्वी झालेली रॉकेट लॅब आता काय करतेय? न्यूट्रॉन नावाचं मोठं रॉकेट बांधतेय. ज्याला छोट्याचं जमलं, तोही मोठ्याकडे वळतोय. एचएएलने तंत्रज्ञानासाठी ५११ कोटींची बोली लावली. सार्वजनिक कंपनीचा पैसा आहे, म्हणून काळजी वाटते.

सह्यभटक्या

दोन्ही बाजू वाचतोय. बहुतेक गोष्टी पहिल्यांदाच कळताहेत. पुढच्या भागाची वाट पाहतोय.

धूमकेतू_पुणे

हिशेबी, तुमचे आकडे बरोबर आहेत. धंदा अवघड आहे आणि बहुतेक कंपन्या बुडाल्या, हे मीही नाकारत नाही. तरीही दोन गोष्टींकडे बघा.

ट्रान्सपोर्टर जातं ते सूर्यसमकालिक ध्रुवीय कक्षेत, म्हणजे ध्रुवांजवळून फिरणारी आणि एखाद्या जागेवरून दरवेळी साधारण त्याच स्थानिक वेळी जाणारी कक्षा. ज्याला जगभरचे फोटो हवेत त्याच्यासाठी ती कक्षा उत्तम. पण समजा आपल्याला विदर्भातल्या कापसावर किंवा कोकण किनाऱ्यावर दिवसातून अनेकदा नजर ठेवायची आहे. महाराष्ट्र आहे १६ ते २२ उत्तर अक्षांशांत. ध्रुवीय कक्षेतला उपग्रह आपला बहुतेक वेळ अशा प्रदेशांवर घालवतो ज्यांच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. पंचवीस-तीस अंशांच्या कक्षेत तोच उपग्रह दिवसातून कितीतरी वेळा आपल्या माथ्यावरून किंवा जवळून जाईल. अशा कक्षेत नेणारी स्वस्त सामायिक गाडी सहसा मिळत नाही. एसएसएलव्हीची दुसरी आणि तिसरी फेरी ३७ अंशांच्याच कक्षेत झाली.

दुसरं असं की देश म्हणून एकाच रॉकेटवर विसंबून राहणं धोक्याचं आहे. १८ मे २०२५ ला पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यात फसलं. असं काही झालं की चौकशी पूर्ण होईपर्यंत त्या रॉकेटची वाट पाहणारे सगळेच खोळंबतात.

किमतीबद्दल: एसएसएलव्हीसाठी वर्तमानपत्रांत तीस-पस्तीस कोटींचा आकडा येत राहिला आहे. ५०० किलो पूर्ण भरले तर किलोमागे सहा-सात लाख रुपये पडतील. ट्रान्सपोर्टरपेक्षा महाग, पण इलेक्ट्रॉनपेक्षा पुष्कळ स्वस्त. खरी अडचण भाव ही नाही. वर्षाला किती उड्डाणं होतील, ही आहे. दोन वर्षांतून एक रॉकेट निघालं तर कारखान्यातली माणसं, यंत्रं, तपासणी यांचा सगळा बोजा त्या एकावर पडतो. एचएएलची कसोटी तिथे लागेल. करारानुसार इस्रो त्यांना २४ महिन्यांत तयार करणार आहे.

तात्या_भिगवण

मी रॉकेटच्या मोटर केसिंगच्या, म्हणजे घन इंधन भरायच्या नळकांड्याच्या, वेल्डिंगवर उमेदीची वर्षं घालवली. आता निवृत्त आहे. धाग्यात कक्षा आणि भाव यांची चर्चा झाली, तर थोडं पत्र्याबद्दल लिहितो.

घन इंधनाच्या रॉकेटमध्ये इंधनाची टाकी आणि इंजिन वेगळं नसतं. ज्या नळकांड्यात इंधन भरलेलं असतं त्याच्या आतच ते जळतं, म्हणून नळकांड्याला सगळा दाब सोसावा लागतो. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचं केसिंग मॅरेजिंग स्टील या खास मजबूत पोलादाचं असतं. पत्रा वळवायचा, शिवण वेल्ड करायची, मग प्रत्येक इंचाचा एक्स-रे. फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून भिंगातून बघायची. मोहरीहून लहान काळा ठिपका दिसला तरी 'रिपेअर निघाला' म्हणायचं. तेवढा भाग घासून काढायचा, पुन्हा वेल्ड, पुन्हा एक्स-रे. एकाच जागी रिपेअर किती वेळा करायचा यालाही मर्यादा, कारण दरवेळी तिथलं पोलाद थकतं. सगळं पास झालं की ४८० अंशांच्या आसपास भट्टीत तासन् तास ठेवून पोलादाला ताकद आणायची, आणि शेवटी पाणी भरून दाबाची चाचणी. दाब चढत असताना खोलीत कुणी बोलत नसे.

इंधनाचंही तसंच. अमोनियम परक्लोरेट, अ‍ॅल्युमिनियमची पावडर आणि रबरासारखं चिकट एचटीपीबी यांचं दाट मिश्रण केसिंगमध्ये ओतून मुरवतात. आत बुडबुडा राहिला किंवा तडा गेला तर जळायला जास्त पृष्ठभाग मिळतो, दाब एकदम वाढतो आणि केसिंग फुटू शकतं. छोटं रॉकेट म्हणून यातली कुठलीही तपासणी कमी करता येत नाही. 'छोटं म्हणजे सोपं' असं वाचलं की मला राहवत नाही, म्हणून हे लिहिलं.

आणखी एक. भारताची सुरुवातच छोट्या रॉकेटने झाली. एसएलव्ही-३ हे २२ मीटरचं, १७ टनांचं, चारही टप्पे घन इंधनाचे. १० ऑगस्ट १९७९ चं पहिलं उड्डाण समुद्रात गेलं, १८ जुलै १९८० ला ३५ किलोचा रोहिणी कक्षेत गेला. प्रकल्पाचे प्रमुख कलाम होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या वेळी थुंब्याच्या विक्रम साराभाई केंद्राचे संचालक आपले वसंत गोवारीकर होते, आणि घन इंधनाचं शास्त्र या देशात रुजवण्यात त्यांचा वाटा फार मोठा. आपल्याकडच्या मुलांना हे नाव हवामानाच्या अंदाजामुळे माहीत असतं, इंधनामुळे नाही. मास्तर, तेवढं वर्गात सांगा.

ऑरेंज_सिटी

तात्यांच्या प्रतिसादाला साष्टांग नमस्कार. नागपूरकर म्हणून एक भर: स्कायरूटच्या कलाम-५ या घन इंधनाच्या मोटरची चाचणी डिसेंबर २०२० मध्ये नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजकडे झाली होती, आणि पुढे कलाम-१०० चीही इथेच. खाणींसाठी स्फोटकं बनवणारं आमचं गाव रॉकेटच्या कामाला लागलं, याचा अभिमान वाटतो.

ऑकलंडकर

इलेक्ट्रॉनचा विषय निघाला म्हणून इकडून लिहितोय. उड्डाणतळ आहे उत्तर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, माहिया द्वीपकल्पावर. पुढे सगळा पॅसिफिक. विमानं आणि जहाजं कमी, म्हणून वारंवार उड्डाणं करायला जागा मोकळी.

रॉकेट १८ मीटर उंच, व्यास फक्त १.२ मीटर, वजन साधारण १३ टन. धड कार्बन तंतूंचं. पहिल्या टप्प्याला नऊ इंजिनं. इंजिनाचं नाव रदरफोर्ड, इथल्याच शास्त्रज्ञावरून. त्यातली करामत पंपाची आहे. रॉकेटच्या इंजिनात इंधन प्रचंड दाबाने ढकलावं लागतं. एरवी त्यासाठी थोडं इंधन वेगळं जाळून टर्बाइन फिरवतात, आणि ती टर्बाइन बनवणं हे इंजिनातलं सगळ्यात किचकट काम. यांनी टर्बाइन काढूनच टाकली आणि बॅटरीवर चालणाऱ्या विजेच्या मोटरने पंप फिरवला. बॅटरी मात्र जड. इंधन जळून जातं तसं बॅटरीचं वजन संपत नाही. मग दुसऱ्या टप्प्यात, रिकाम्या झालेल्या बॅटऱ्या चालू उड्डाणातच खाली टाकून देतात! मोठ्या रॉकेटला ही पद्धत परवडणार नाही, एवढ्या लहानाला परवडते. त्रिज्याताईंनी लहान असण्याचे तोटे सांगितले, हा एक फायदा.

पहिल्या उड्डाणाची गोष्ट एसएसएलव्हीच्या पहिल्या उड्डाणाशी जुळते. २५ मे २०१७. रॉकेट उत्तम चाललं होतं, २२४ किलोमीटरवर पोहोचलं होतं. जमिनीवरच्या यंत्रणेत बाहेरच्या कंत्राटदाराने एक सेटिंग नीट केलेलं नव्हतं, त्यामुळे रॉकेटकडून येणारी माहिती तुटली. रॉकेट कुठे आहे ते दिसत नाही म्हटल्यावर सुरक्षेच्या नियमानुसार उड्डाण थांबवावं लागलं. रॉकेटमध्ये दोष काहीच नव्हता. २१ जानेवारी २०१८ च्या दुसऱ्या प्रयत्नात उपग्रह कक्षेत गेले. दोन्हीकडे धातू आणि इंधन टिकलं, माहिती वाचणाऱ्या यंत्रणेने दगा दिला.

जून २०२२ मध्ये याच रॉकेटने २५ किलोचं कॅपस्टोन यान चंद्राच्या वाटेला लावलं. हिशेबी, न्यूट्रॉन बांधत असले तरी इलेक्ट्रॉनची उड्डाणं थांबलेली नाहीत, ती साठाच्या वर गेली आहेत. गिस्बर्नच्या किनाऱ्यावरून रात्रीचं उड्डाण दिसतं. दक्षिणेला एक नारिंगी ठिपका चढत जातो, मग क्षणभर विझतो आणि पुन्हा पेटतो. पहिला टप्पा सुटून दुसरा पेटतो तो क्षण नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

क्यूबसॅटवाली

कॉलेजात असताना आमच्या गटाने एक छोटा उपग्रह बांधायला घेतला होता. कॉलेजचं नाव सांगत नाही. वऱ्हाडी असण्याचा अर्थ आम्हाला तिथे कळला.

उपग्रहाची रचना कक्षेवर अवलंबून असते. कक्षा कुठली यावर ठरतं की प्रत्येक फेरीत ऊन किती वेळ आणि सावली किती वेळ. त्यावर सौरघट किती लावायचे, बॅटरी केवढी, आतली सर्किटची पाटी तापून किती अंशांवर जाईल, सगळं ठरतं. आम्ही सकाळी साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जाणारी कक्षा धरून हे गणित केलं. मग ज्या रॉकेटवर जागा मिळेल असं वाटत होतं त्याच्या मुख्य उपग्रहाची वेळ आणि उंची बदलली. आमचं तापमानाचं गणित, उष्णता सोसणारी सोनेरी कॅप्टॉन टेप कुठे चिकटवायची त्याचा नकाशा, सगळं पुन्हा मांडावं लागलं. तेवढ्यात वरच्या वर्गातली मुलं पास होऊन नोकरीला लागली. ज्याने रेडिओचा प्रोग्राम लिहिला तो बंगळुरूला गेला, आणि त्याचा कोड वाचायला आमच्यातलं कुणी उरलं नाही. आमचा उपग्रह उडाला नाही. कंपनाच्या चाचणीसाठी बनवलेला सांगाडा अजून प्रयोगशाळेच्या कपाटात आहे.

ज्यांचे गेले त्यांच्या चिकाटीला म्हणूनच सलाम. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा 'स्वयम्' जेमतेम एक किलोचा, तो २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वर गेला. आयआयटी मुंबईचा 'प्रथम' दहा किलोचा, तो त्याच वर्षी २६ सप्टेंबरला सी३५ वर. दोन्हीकडे विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यात राबल्या होत्या. विद्यार्थ्यांना कुणी आख्खं एसएसएलव्ही देणार नाही, हे मला कळतं. पण उड्डाणं वरचेवर होऊ लागली तर एक हुकलं की पुढचं गाठता येईल. माझी एवढीच अपेक्षा आहे.

हिशेबी_माणूस

क्यूबसॅटवाली, तुमचा अनुभव वाचून थांबलो. उड्डाणांची संख्या हा कळीचा मुद्दा आहे, हे मान्य.

एक शंका. धूमकेतू म्हणतात दोन्ही यशस्वी उड्डाणं ३७ अंशांच्या कक्षेत झाली. पण बाजारात जास्त मागणी ध्रुवीय कक्षेला आहे. ती एसएसएलव्हीला जमत नाही का?

धूमकेतू_पुणे

जमते, पण श्रीहरिकोट्यावरून महाग पडते. नकाशा उघडून बघा. श्रीहरिकोटा साधारण १३.७ उत्तर अक्षांशावर, पूर्व किनाऱ्यावर. तिथून ध्रुवीय कक्षेसाठी सरळ दक्षिणेला निघालं की खाली श्रीलंका येते. जळून झालेले टप्पे लोकवस्तीवर पडू शकतात म्हणून तो मार्ग घेता येत नाही. रॉकेट आधी आग्नेयेला समुद्रावर जातं आणि मग वळून दक्षिण धरतं. वेग पकडल्यावर दिशा बदलणं हा रॉकेटशास्त्रातला सगळ्यात खर्चिक प्रकार. ३२० टनांच्या पीएसएलव्हीला तो खर्च सोसतो. एसएसएलव्हीकडे मुळात फाजील इंधन नाही, त्यामुळे उपग्रहाचं वजन कापावं लागतं.

यावर उपाय म्हणून तमिळनाडूत तूतुकुडी जिल्ह्यात कुलशेखरपट्टणमला दुसरा उड्डाणतळ होतोय. पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ ला झाली. जागा दोन हजारांहून जास्त एकर, खर्च हजार कोटींच्या आत. तिथून श्रीलंका पूर्वेला राहते आणि दक्षिणेला थेट अंटार्क्टिकापर्यंत मोकळा समुद्र. वळसा नाही, त्यामुळे ध्रुवीय कक्षेत ३०० किलोपर्यंत नेता येईल. एचएएलच्या कारखान्याइतकंच मी या तळाकडे डोळे लावून बसलोय, कारण या तळाशिवाय एसएसएलव्हीला ध्रुवीय कक्षेचं गिऱ्हाईक मिळणं कठीण. इलेक्ट्रॉनला माहिया मिळालं म्हणून इतकी उड्डाणं झाली, हे ऑकलंडकरांनी सांगितलंच आहे.

शाळामास्तर_सातारा

त्रिज्याताई, ऊर्जेचं गणित उद्याच फळ्यावर मांडतो. तात्या, गोवारीकरांबद्दल नक्की सांगेन.

आता शेवटचं विचारतो. मुलांना घेऊन उड्डाण प्रत्यक्ष बघता येतं का? श्रीहरिकोट्याला सामान्य माणसाला आत सोडतात?

त्रिज्या

सोडतात. २०१९ पासून तिथे लोकांसाठी प्रेक्षागार आहे, स्टेडियमसारखी पायऱ्यांची बैठक. उड्डाणाआधी काही दिवस सतीश धवन केंद्राच्या संकेतस्थळावर नोंदणी उघडते, आणि जागा फार लवकर भरतात, म्हणून इस्रोच्या घोषणांवर लक्ष ठेवा. जवळचं रेल्वे स्टेशन सुल्लुरपेटा, चेन्नईहून लोकल जाते. तारखा ऐनवेळी पुढे ढकलल्या जातात, तेव्हा परतीच्या तिकिटात एक-दोन दिवस हातचे ठेवा. एसएसएलव्हीची तिन्ही उड्डाणं सकाळी सव्वानऊच्या सुमारास झाली होती, त्यामुळे आदल्या रात्री सुल्लुरपेट्यात किंवा चेन्नईत मुक्काम हवाच. मुलांना सांगून ठेवा, घन इंधनाचं रॉकेट तळावरून झपकन उचलतं. मोबाइल काढेपर्यंत बरंच वर गेलेलं असेल. सगळ्यांची ओळखपत्रं आणि शाळेचं पत्र सोबत घ्या.